प्रश्नोत्तरे : भिजलेल्या इलेक्ट्रोडची तक्रार

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अमळनेरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हवेतला प्राणवायू आणि पाणी घेऊन विजेवर हायड्रोजन पेरॉक्साइड करायचं, असा प्रकल्प घेतलाय. टॉर्चच्या जुन्या सेलमधून ग्राफाइटच्या दोन कांड्या काढल्या, अर्धा लिटर पाण्यात सोडियम सल्फेट घातलं, माशांच्या टाकीचा पंप लावून ऋण कांडीपाशी हवा सोडली आणि बॅटरी चार्जरने तासभर अर्धा अँपिअर प्रवाह दिला. नंतर परमँगनेटने तपासलं, तर पहिल्याच थेंबाला गुलाबी रंग टिकला. म्हणजे पेरॉक्साइड जवळजवळ नाहीच. पेपरांमध्ये प्लॅटिनम-पारा, कोबाल्ट, नायट्रोजन घातलेला कार्बन असे कितीतरी उत्प्रेरक दिलेत. यातला कोणता घेऊ? बजेट तीन हजार आहे.
— एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : तीन हजार सध्या खिशातच ठेव. तुझं अडलंय ते उत्प्रेरकावाचून नाही. आधी वही घे आणि आपण विजेचा हिशेब मांडू.

तुझी कांडी आठ मिलिमीटर जाड आणि पाच सेंटीमीटर बुडालेली धरू. पृष्ठभाग झाला साडेबारा चौरस सेंटीमीटर. आता प्राणवायू किती? २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. आपल्याकडे मे महिन्यात पाणी ४० अंशांवर गेलं की साडेसहाच्या आसपासच. त्यातही कांडीला लगटून पाण्याचा एक न हलणारा पापुद्रा असतो. तो मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाड धरला, तर त्यातून झिरपून येणारा प्राणवायू चौरस सेंटीमीटरला ०.१ मिलिअँपिअर एवढ्याच कामाला पुरतो. बुडबुड्यांनी पाणी ढवळलं गेलं म्हणून चौपट धर. अख्ख्या कांडीला झाले पाच मिलिअँपिअर. तू दिलेस पाचशे! उरलेले चारशे पंच्याण्णव हायड्रोजन करण्यात गेले. कांडीवरून धुक्यासारखे बारीक बुडबुडे उठताना दिसले असतील बघ. ते तुझ्या पंपाचे नव्हते.

म्हणजे हवा कमी पडली का? मुळीच नाही. पुढे मोजणीत धरणार आहोत त्या दोनशे मिलिअँपिअरला तासाभरात लागतो साधारण ९० मिलिलिटर प्राणवायू, म्हणजे अर्धा लिटरसुद्धा हवा नाही. माशांच्या टाकीचा पंप तेवढी हवा काही सेकंदांत फेकतो. हवा भरपूर आहे, तिला कांडीपर्यंत यायला वाट नाही. धरणात पाणी आणि शेतात ठणठणाट, ही गोष्ट खानदेशातल्या माणसाला वेगळी समजवायला नको.

दुसरी चूक माझीही एकेकाळी झाली होती, म्हणून रागावत नाही. टॉर्चच्या सेलमध्ये कांडीभोवती जी काळी भुकटी असते, ती मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. शाळेत पेरॉक्साइडमधून प्राणवायू मोकळा करायचा प्रयोग आपण हीच भुकटी टाकून करतो ना? कांडी कितीही घासली तरी तिच्या छिद्रांत ती उरतेच. एका हाताने करायचं आणि दुसऱ्याने मोडायचं, असा तो उद्योग. त्यात दोन्ही कांड्या एकाच भांड्यात! जे चुकूनमाकून तयार झालं असेल, ते धन कांडीवर जाऊन परत प्राणवायू झालं.

आता मुद्द्यावर येते. इलेक्ट्रोड बुडवायचा नाही, काठावर ठेवायचा. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा, आणि मधल्या सच्छिद्र कार्बनमध्ये दोघांची गाठ. कार्बनमधून वीज, मागच्या कोरड्या छिद्रांतून प्राणवायू आणि पुढच्या ओल्या छिद्रांतून पाणी, असे तिघे जिथे भेटतात तेवढ्याच जागी पेरॉक्साइड होतं. याला गॅस डिफ्यूजन इलेक्ट्रोड म्हणतात. यात प्राणवायूला पाण्यातून चालायचं अंतर इतकं कमी होतं की ०.१ च्या जागी १०० मिलिअँपिअर आणि त्याहूनही जास्त प्रवाह चौरस सेंटीमीटरमधून घेता येतो. हजारपट फरक! नुसत्या जागेच्या रचनेने पडलेला. कोणतीही महागडी पुडी बुडत्या कांडीला एवढं देणार नाही.

छिद्रं कोरडी ठेवायला कार्बनमध्ये पीटीएफई घालतात, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन. अळवावरचं पाणी आपण क्षणभंगुर गोष्टींसाठी म्हणतो, इथे मात्र आपल्याला अगदी तेच हवंय, थेंब पानावर बसावा पण पानात शिरू नये. फक्त सगळंच अळू झालं तरी पंचाईत. टेफ्लॉन वीज वाहत नाही, आणि पाणी आत शिरलंच नाही तर कार्बनला कामच मिळत नाही. म्हणून थर दोन करावेत. हवेच्या बाजूला टेफ्लॉन जास्त, वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. पाण्याच्या बाजूला पातळ थर, टेफ्लॉन वीस टक्क्यांच्या आत. मी सुरुवात इथून करेन, पुढे तुझा कार्बन तुला सांगेल.

करायची रीत अशी. कार्बन कापड घे. कार्बन ब्लॅकची, म्हणजे काजळीसारख्या बारीक कार्बनची भुकटी, टेफ्लॉनचं दुधासारखं इमल्शन, पाणी आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल हे सगळं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये अर्धा तास हलव. धिरड्याच्या पिठाएवढं सरसरीत झालं पाहिजे. मऊ ब्रशने एक हात दे, वाळू दे, वजन कर, मग दुसरा हात आडवा दे. घाईने एकदम जाड थर दिलास तर वाळताना गिरणेच्या कोरड्या पात्रासारख्या भेगा पडतात आणि पाणी नेमकं भेगेतूनच मागे जातं. शेवटी मफल फर्नेसमध्ये ३५० अंशांवर अर्धा तास. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, तेव्हाच ते कार्बनला धरून बसतं आणि इमल्शनमधलं साबणासारखं द्रव्य जळून जातं. हे द्रव्य राहिलं तर तुझं अळू पहिल्या तासातच भिजेल. फर्नेस एक्झॉस्टखाली हवी. ४०० अंशांच्या वर टेफ्लॉनचा धूर विषारी असतो, तिथे धाडस नको.

भट्टीतून काढलेल्या पट्टीवर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोड आणि डोळ्याच्या रेषेत धरून बघ. मागच्या बाजूला थेंब मोत्यासारखा गोल राहिला आणि पट्टी जराशी कलती केल्यावर घरंगळला, तर काम झालं. पसरून चपटा झाला तर ती पट्टी बाजूला ठेव. सेलमध्ये लावून दोन दिवस वाया घालवू नकोस.

पुढच्या थराची जाडी लोक विसरतात. प्राणवायूच्या रेणूने दोन इलेक्ट्रॉन घेतले की पेरॉक्साइड होतं, चार घेतले की पाणी. झालेलं पेरॉक्साइड जाड थरात खोल अडकून राहिलं, तर बाहेर पडायच्या आधी उरलेले दोन इलेक्ट्रॉन घेऊन मोकळं होतं. म्हणून चौरस सेंटीमीटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन पुरे. जास्त माल थापला की उत्पादन वाढतं, हा हिशेब भज्यांचा. माझी आई खापरावर पुरणाचे मांडे करायची. हातावर फिरवून पापुद्रा आरपार दिसेपर्यंत वाढवायची, आणि तरी तो फाटायचा नाही. तो हात तुला ब्रशला आणायचाय.

आता उत्प्रेरकाचं. साधा कार्बन ब्लॅक कॉस्टिक सोड्यात दोन इलेक्ट्रॉनांवर थांबायचं काम बरंच चांगलं करतो. तुझा प्रकल्प कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कर. आम्ल द्रावणात कार्बन आळशी होतो आणि तिथे मग त्या पेपरांतल्या उत्प्रेरकांची गरज खरोखर पडते. नुसत्या प्लॅटिनमचं म्हणशील, तर ते चार इलेक्ट्रॉनांवरच धावतं. त्याला दोनवर थांबवण्यासाठीच पारा मिसळायचा खटाटोप. तुझ्या प्रयोगशाळेत पारा आणायची मुळीच गरज नाही.

एक स्वस्त उपाय आहे. कार्बन ब्लॅक नायट्रिक आम्लात तापवला की त्याच्यावर ऑक्सिजनचे गट चढतात आणि तो पेरॉक्साइडच्या बाजूने जास्त झुकतो. २०१८ साली स्टॅनफर्डच्या गटाने हे नीट दाखवून दिलं. पण त्याच गटांमुळे कार्बनला पाणी आवडायला लागतं! पेपर वाचून पोरं सगळाच कार्बन आम्लात टाकतात, पहिल्या तासाचा आलेख झकास येतो, आणि तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रोड बुडालेला. आम्ल दिलेला कार्बन फक्त पुढच्या पातळ थरात घाल, मागच्या थराला त्याचा हात लागू देऊ नकोस. माझं मत विचारशील तर या विषयातले निम्मे प्रबंध पहिल्या तासाच्या आलेखावर लिहिलेले असतात. तू शंभर तास चालव, उत्पादन थोडं कमी आलं तरी चालेल.

इलेक्ट्रोड बुडायला लागला हे ओळखायचं कसं? मागच्या हवेच्या बाजूला काच किंवा ॲक्रिलिकची खिडकी ठेव. आधी कापडाच्या मागे घाम आल्यासारखे बारीक थेंब दिसतात. मग तेवढ्याच प्रवाहाला सेलचं व्होल्टेज चढू लागतं, आणि सगळ्यात शेवटी पेरॉक्साइड घटतं. कॉस्टिक असेल तर आणखी एक भानगड होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकशी मिळून सोडियम कार्बोनेट होतो आणि छिद्रांत पांढरी खार धरते, उन्हाळ्यात विहिरीच्या काठावर धरते तशीच. हवा आत सोडण्याआधी कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या नळीतून ने. आणि सेल उंच करू नकोस. दहा सेंटीमीटर पाण्याचा दाब तळाच्या छिद्रांवर सतत बसतो, तिथूनच ती भिजायला लागतात.

ऋण आणि धन कप्पे वेगळे ठेवायला मधला पडदा लागेलच. कॉलेजात इंधन-सेलच्या प्रयोगातला कॅटायन मेम्ब्रेनचा, म्हणजे फक्त धन आयन जाऊ देणाऱ्या पडद्याचा तुकडा असेल तर तो माग. माठाची खापरी कुणी सुचवेल, ती नको. तिचा तांबूस रंग लोखंडाचा असतो, आणि लोखंड म्हणजे पेरॉक्साइडचा शत्रू. धन बाजूला कॉस्टिकमध्ये निकेलची जाळी चालते.

लोखंडावरून आमची फजिती सांगते. मी भुसावळकडे एका कॉलेजात शिकवत असताना आम्ही असाच सेल उभा केला होता. दोन दिवस सत्तर टक्क्यांच्या वर कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या विजेतली तेवढी वीज पेरॉक्साइडच्या कामी, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पन्नास, चौथ्या दिवशी वीस. मी कार्बनला दोष दिला, टेफ्लॉनला दिला, नवीन पट्ट्या भाजल्या, आठवडा गेला. आमचे लॅबचे मामा धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. ते संध्याकाळी फरशी पुसताना म्हणाले, "मॅडम, तठे लाल पानी टपकी राहिनं." पाहिलं तर पट्टीला लावलेली क्रोकोडाइल क्लिप कॉस्टिकच्या वाफेने गंजली होती आणि गंजाचं पाणी कापडावरून ओघळून थेट ऋण कप्प्यात उतरत होतं. क्लिपखाली कापडावर नखाएवढं तपकिरी वर्तुळ. माझी पीएच.डी., आणि ते दिसलं मामांना. टायटॅनियमची पट्टी लावली, सेल दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तरवर. तू पण क्लिप पाण्याच्या रेषेपासून लांब ठेव, आणि नळाचं पाणी वापरू नकोस.

मोजणी. अँपिअर-तासाला शंभर टक्के कार्यक्षमता असेल तर पेरॉक्साइड होतं ०.६३४ ग्रॅम, हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. २०० मिलिअँपिअर तासभर दिलास तर कमाल १२७ मिलिग्रॅम. २५० मिलिलिटर द्रावणातलं २५ काढ, सल्फ्युरिक आम्लाने भरपूर आम्लधर्मी कर, आणि ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेशन कर. एक मिलिलिटर परमँगनेट म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. ५.६ मिलिलिटर लागलं तर एकूण ९५ मिलिग्रॅम, म्हणजे कार्यक्षमता पंचाहत्तर टक्के. मात्र परमँगनेट भोळं असतं. कापडात उरलेलं अल्कोहोल किंवा साबणही ते पेरॉक्साइड समजून खातं आणि आकडा फुगतो. म्हणून एकदा प्रवाह न देता आणि एकदा हवेऐवजी नायट्रोजन सोडून तपास. दोन्ही वेळा शून्याजवळ आलं तरच तुझे पंचाहत्तर खरे.

आणि चार्जर परत कर. बारा व्होल्ट कशाला? तत्त्वतः अर्ध्या व्होल्टच्या आसपास पुरतं, प्रत्यक्षात दोन-अडीच. स्थिर प्रवाह देणारा साधा डीसी सप्लाय विभागात असतोच, कपाटावर धूळ खात.

प्रश्न : ताई, राम राम. माझी रावेर तालुक्यात केळी आहे, सगळी ठिबकवर. नळ्यांत शेवाळ आणि चिकटा धरतो म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. कॅन आणायचे, ते सांभाळायचे, अंगावर उडालं की कातडी पांढरी पडते. एक जण म्हणतो, सोलरवर शेतातच पेरॉक्साइड करणारं यंत्र देतो, हवा-पाणी-ऊन एवढंच लागतं. खरं आहे का?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : राम राम भाऊ. हवा, पाणी आणि ऊन हे खोटं नाही. वीज पण फार लागत नाही. सेल दोन व्होल्टवर नव्वद टक्के कार्यक्षमतेने चालला तर किलोभर पेरॉक्साइडला साडेतीन युनिट, तीन व्होल्टवर ऐंशी टक्क्यांनी चालला तर सहा युनिट. तुमच्या विहिरीची मोटर याहून जास्त खाते. कल्पनाही नवी नाही. कागद कारखान्यांत लगदा पांढरा करायला लागणारं कॉस्टिकमधलं पेरॉक्साइड जागेवरच विजेने करण्याची पद्धत डाऊ आणि ह्युरॉन या कंपन्यांनी मिळून काढली होती. कार्बनच्या टेफ्लॉन चढवलेल्या बारीक खड्यांचा थर, वरून कॉस्टिक झिरपतं, मधून प्राणवायू जातो.

पण लगद्याला कॉस्टिक चालतं, तुमच्या जमिनीला चालत नाही. गोम तिथे आहे. जे सोपे सेल आहेत त्यांतून पेरॉक्साइड बाहेर येतं ते कॉस्टिक किंवा मीठ घेऊन. रावेर-यावलच्या काळ्या जमिनीत सोडियम घालायचा म्हणजे माती दगड करून घ्यायची. निव्वळ पाण्यात पेरॉक्साइड देणारी रचनाही झाली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने मध्ये मिठाच्या द्रावणाऐवजी आयन वाहून नेणारा घन पदार्थ (घन इलेक्ट्रोलाइट) ठेवून वीस टक्क्यांपर्यंतचं शुद्ध द्रावण काढून दाखवलं. पण ते प्रयोगशाळेतलं, अत्यंत स्वच्छ पाण्यावरचं. आपल्या विहिरीच्या क्षाराच्या पाण्यावर तो सेल किती दिवस तग धरेल, याचा विचार करा.

तर त्या यंत्रवाल्याला बसवा, चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. कॅथोड, म्हणजे हवेकडचा ऋण इलेक्ट्रोड, न बदलता किती तास चालला, त्याची नोंदवही दाखव. बाहेर येणाऱ्या द्रावणात पेरॉक्साइड किती आणि सोडियम किती, ते लॅबच्या कागदावर दाखव. आणि हवा घेणारा पडदा भिजला तर नवीन किती रुपयांना, आणि इथे येऊन बदलणार कोण? "आमचा कॅथोड भिजतच नाही" असं म्हणाला, तर चहा आवरता घ्या.

तोवर कॅनच बरा. हातमोजे, चष्मा आणि शेजारी बादलीभर पाणी ठेवून ओता. लोखंडी किंवा गंजक्या भांड्यात घेऊ नका. एक गोष्ट लोक चुकतात. पेरॉक्साइड शेवाळ आणि चिकटा काढतं, ड्रिपरच्या तोंडाशी धरलेला पांढरा क्षार काढत नाही. त्याला आम्लच लागतं. दोन्ही एका टाकीत मिसळू नका, वेगवेगळ्या दिवशी सोडा आणि मध्ये नळ्यांची टोकं उघडून धुऊन घ्या. ब्लीचिंगचं पाणी आणि पेरॉक्साइड तर एकत्र कधीच नको. जोरात फसफसतं आणि दोन्ही वाया.

प्रश्न : घरी जखमेसाठी आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उन्हाळ्यात टम्म फुगली. टाकून द्यावी का? बाटलीवर "२० व्हॉल्यूम" म्हणजे काय?
— एक गृहिणी, धुळे

उत्तर : फुगली ती आतलं पेरॉक्साइड मोडून प्राणवायू झाला म्हणून. टॉवेलने धरून, तोंड चेहऱ्यापासून लांब ठेवून झाकण हळूच सैल करा. एक मिलिलिटर द्रावणातून वीस मिलिलिटर प्राणवायू निघू शकतो, ते २० व्हॉल्यूम, म्हणजे सुमारे सहा टक्के. जखमेला त्याच्या निम्मं, तीन टक्क्यांचं पुरतं, आणि तेही रोज नको. जखमेवर फेस येतो तो आपल्या रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटॅलेज या विकरामुळे (एन्झाइममुळे), त्याचा जंतू किती मेले याच्याशी संबंध नाही. बाटली किती दमदार उरली हे बघायचं असेल तर चमचाभर द्रावणात कच्च्या बटाट्याची फोड टाका. फेस आला नाही तर मोरीत ओता, वर तांब्याभर पाणी. नवीन आणाल ती गडद रंगाच्या बाटलीतली आणा, आणि गच्चीकडच्या खिडकीत ठेवू नका. धुळ्याचं ऊन ठाऊक आहे मला.